दुर्बीण घेण्याआधी ठरवा, उभं कुठे राहणार?

नमस्कार दादा, तुम्ही विचारलंय की नॅशनल पार्क आणि शिवडीचे फ्लेमिंगो दोन्हीला चालेल अशी एकच दुर्बीण हवीय, चष्मा आहे, आणि दुकानदार २०×५० घ्या म्हणून मागे लागलाय कारण 'पॉवर जास्त'. प्लीज ती घेऊ नका. बावीस वर्षं मुंबईत पक्षी बघतोय, आणि अशा दुर्बिणी दोन-चार रविवारांनंतर माळ्यावर गेलेल्या मी बऱ्याच पाहिल्यात. दुर्बिणीबरोबर त्या माणसाचं पक्षी बघणंही सुटतं, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमधे. वीस पट म्हणजे पक्षी वीस पट मोठा तशी हाताची थरथरही वीस पट मोठी. ट्रायपॉड नसेल तर दहाच्या वर जाण्यात अर्थ नाही. शिवाय ८ पटवाल्या दुर्बिणीत १००० मीटरवर साधारण १३०-१४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, २० पटमधे पन्नास-साठच. म्हणजे 'तो बघ, त्या फांदीवर' असं कोणी म्हटलं की तुम्ही फांदी शोधेपर्यंत पक्षी उडालेला असतो.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ८×४२ चं येतं ५.२५, २०×५० चं अडीच. डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा गोल एवढ्या मिलीमीटरचा असतो. भर दुपारी आपली बाहुली स्वतःच दोन-तीन मिलीमीटर असते त्यामुळे दुकानाबाहेर रस्त्यावर बघितलं की फरक कळतच नाही, आणि तिथेच माणूस फसतो. पण नॅशनल पार्कात सकाळी झाडीखाली काळोख असतो, बाहुली पाच-सहापर्यंत उघडते, तिथे अडीचवाल्या दुर्बिणीतून स्वर्गीय नर्तक बघायला गेलात तर शेपटी दिसेल, रंग नाही दिसणार. जंगलात पक्षी तसाही दहा-वीस मीटरवरच असतो, लांबचं दिसण्यापेक्षा पटकन सापडणं आणि उजेड मिळणं महत्त्वाचं. फुलपाखरांची आवड असेल तर दोन मीटरवर फोकस होते का तेही बघून घ्या.

शिवडीचं म्हणाल तर तिथे दुर्बिणीपेक्षा भरतीचं टाइमटेबल जास्त कामाला येतं, हे मी प्रत्येकाला सांगतो. ओहोटीला फ्लेमिंगो पाण्याच्या कडेने पार लांब चिखलात जातात, तेव्हा २० पटही कमीच पडते कारण उन्हात चिखलावरची हवाच थरथरते. भरती पूर्ण व्हायच्या दोन-तीन तास आधी जेट्टीवर पोचा, पाणी चढतं तसे ते जवळ जवळ सरकत येतात आणि ८ पटमधे चोचीचा काळा भागसुद्धा दिसतो. पूर्ण भरतीला चिखल झाकला की निघून जातात. ऐरोलीहून खाडीत बोटीने जाणार असाल तर बोट हलते, तिथेही आठच बरी. पुढे तुतारी, चिखल्या असल्या एकसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांचा नाद लागला तर ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे जास्त पटीची एकनळी दुर्बीण घ्यावी लागेल, पण ती गोष्ट वेगळी, दोन-तीन सीझननंतरची.

आता मुंबईतली खरी अडचण, पावसाळा. माझी पहिली १०×५० छान होती, साध्या बनावटीची, वॉटरप्रूफ नव्हती. जूनमधे तिच्या चामडी केसमधे घालून कपाटात ठेवली, गणपतीनंतर काढली तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. साफ करून घेतली, पण ती क्लिअर परत आली नाही. म्हणून सांगतो, बजेट ताणायचंच तर वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीसाठी ताणा, जास्त पॉवरसाठी नको. नाहीतर जून ते सप्टेंबर घरी बसाल आणि कर्नाळ्याचा तिबोटी खंड्या तर पावसातच येतो, नवरंगही त्याच दिवसांत शीळ घालत असतो. तरीही घरी ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, चामडी केसमधे अजिबात नको. निळं जेल गुलाबी झालं की तापवून परत वापरता येतं.

चष्म्यासाठी आय रिलीफ बघा, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, बॉक्सवर लिहिलेलं असतं, १५ मिलीमीटरच्या खाली नको, १७-१८ असेल तर उत्तम. डोळ्याला टेकणारी रबरी कडा (आयकप) आत फिरवून चष्मा लावूनच बघायचं. फोर्टात कॅमेरावाल्यांकडे गेलात तर काचेच्या शोकेसमधली वस्तू बघून समाधान मानू नका, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची केबल बघा, एकाच्या दोन दिसल्या किंवा मिनिटभरात डोळे ओढल्यासारखे वाटले तर भिंगं एका रेषेत नाहीत, सरळ परत द्या. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा, डोळ्याकडच्या भिंगातला प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल दिसला पाहिजे, कडा कापल्यासारख्या दिसल्या तर आतलं प्रिझम हलक्या दर्जाचं आहे. झूमवाल्या दुर्बिणी दाखवतील, त्या तर बघूच नका, झूम वाढवला की पट्टा अरुंद आणि अंधारा होतो.

तर तुमच्यासाठी ८×४२, वॉटरप्रूफ. आणल्यावर आधी उजवी बाजू हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस करा, मग डावी झाकून फक्त उजव्या आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) रिंग फिरवा. हे न केल्यामुळे चांगली दुर्बीण खराब म्हणून परत करणारे लोक मी पाहिलेत.