टॅली दुसऱ्या संगणकावर उघडत नाही: आधी कुठलं दार बंद आहे ते बघा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. हार्डवेअरचं दुकान, टॅलीप्राइम गोल्ड (हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचं अनेक संगणकांवर चालणारं लायसन्स), तीन संगणक. डेटा मालकांच्या केबिनमधल्या संगणकावर, बाकीचे दोन काउंटरला आणि गोदामात. शनिवारी राउटर बदलला. सोमवारपासून काउंटरला टॅली उघडते पण कंपन्यांची यादी (टॅलीत कंपनी म्हणजे एका पेढीचं हिशेबाचं पुस्तक) रिकामी, आणि गोदामात टॅली एज्युकेशनल मोडमध्येच, म्हणजे लायसन्स सापडलं नाही की मिळतो त्या शिकाऊ रूपात, सुरू होते. मालक म्हणतात टॅली काढून पुन्हा टाका. शेवटी तुम्ही एक ओळ जाता जाता लिहिली आहे, की तिघंही मालकांच्याच नावाने आणि पासवर्डने लॉगिन करता, ते बदलावं का. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. तिच्याकडे येतोच.

टॅली पुन्हा टाकू नका. टॅलीत काही बिघडलेलं नाही. आणि दोन्ही संगणक दुरुस्त होईपर्यंत त्यांवर एकही एंट्री करू देऊ नका, हे आत्ता उठून काउंटरला सांगून या.

का, ते सांगतो. सांगलीच्या मार्केट यार्डात आणि आसपास मी चौदा वर्षं हे जोडणीचं काम करतोय. एका पेढीत असंच काउंटरला कंपनी दिसेना. तिथल्या मुलाने शोधाशोध करून त्याच संगणकावर पडलेली सहा महिन्यांपूर्वीची जुनी कॉपी उघडली. नाव तेच, पत्ता तोच, त्याला वाटलं जमलं. दोन दिवस बिलं त्यात फाडली. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा एकाच पेढीची दोन पुस्तकं तयार झाली होती आणि एकच बिल नंबर दोन वेगळ्या गिऱ्हाइकांच्या हातात होता. ती बिलं एकेक करून मूळ पुस्तकात चढवायला दिवाणजींना आणि मला दोन रात्री लागल्या. म्हणून कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा जो पत्ता दिसतो तो रोज वाचायची सवय लावा. तिथे सी ड्राइव्ह दिसला आणि तुम्ही मुख्य संगणकावर नसाल, तर थांबा.

आता मूळ गोष्ट. काउंटरवरून टॅलीतल्या कंपनीपर्यंत पोचायला चार दारं ओलांडावी लागतात. पहिलं नेटवर्कचं, म्हणजे मुख्य संगणक मुळात सापडतो का. दुसरं विंडोजचं, म्हणजे त्याच्यावरचं डेटाचं फोल्डर उघडायची परवानगी आहे का. तिसरं लायसन्सचं. चौथं टॅलीचं स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड. प्रत्येक दार वेगळं, प्रत्येकाची किल्ली वेगळी, आणि बंद असल्याची खूणही वेगळी. यादी रिकामी म्हणजे पहिलं किंवा दुसरं बंद. एज्युकेशनल मोड म्हणजे पहिलं किंवा तिसरं. चौथ्यापर्यंत तुम्ही अजून पोचलेलाच नाही, त्यामुळे टॅलीचा पासवर्ड बदलून बघण्यात काहीच हाती लागणार नाही. तुमच्याकडे टॅलीप्राइम सर्व्हर हे वेगळं उत्पादन नाही असं मी धरतो. ते नसतं तेव्हा काउंटरची टॅली नेटवर्कवरून सरळ त्या शेअर केलेल्या फोल्डरातल्या फायली वाचते आणि लिहिते. म्हणून विंडोजची परवानगी इतकी आड येते.

राउटर बदलला की पहिलं दार हमखास हलतं. जुना राउटर समजा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत होता, नवा १९२.१६८.० चे वाटतो. मुख्य संगणकाचा पत्ता बदलला, काउंटरची टॅली अजून जुन्या पत्त्यावर हाका मारतेय. मुख्य संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग द्या आणि आयपीव्ही४ समोरचा आकडा कागदावर लिहून घ्या. तोच आदेश काउंटरला आणि गोदामात द्या. घरगुती किंवा दुकानातल्या राउटरवर तिन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत. गोदामाचा वेगळा निघाला, तर बहुतेक तो नव्या राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायला जोडला गेलाय. त्या वायफायवरून इंटरनेट चालतं, पण शेजारचा संगणक मुद्दाम दिसू दिला जात नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: पिंग (एखाद्या पत्त्याला हाक मारून बघायचा आदेश) केल्यावर उत्तर आलं नाही म्हणजे संगणक सापडत नाही असं नाही, विंडोजची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणारी ये-जा अडवणारी राखण, पिंगला उत्तर देणं अडवू शकते. उत्तर आलं तर मात्र पहिलं दार उघडं आहे हे नक्की.

नव्या राउटरचा आणखी एक त्रास असतो आणि तो जवळपास कुणीच तपासत नाही. विंडोजला हे नेटवर्क अनोळखी वाटतं, आणि अनोळखी नेटवर्कला ती पब्लिक ठरवते. पब्लिक म्हटलं की फोल्डर शेअर करणं बंद. मुख्य संगणकावर सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि इंटरनेट, तिथे चालू जोडणीचे गुणधर्म, आणि पब्लिकच्या जागी प्रायव्हेट. मला वाटतं तुमच्या काउंटरचं निम्मं दुखणं इथेच जाईल.

ते झालं की राउटरमध्ये जाऊन मुख्य संगणकाचा पत्ता राखीव करून टाका. राउटरच्या सेटिंगच्या पानावर डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारी सोय) याखाली पत्ता राखून ठेवायची सोय असते. तसं केलं की वीज जाऊन आली तरी त्या संगणकाला तोच पत्ता मिळतो. आपल्याकडे दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे हे करायलाच हवं. शक्य असेल तर टॅलीत आकडे न घालता संगणकाचं नाव घाला. नाव इंग्रजीत, एकाच शब्दाचं, पंधरा अक्षरांच्या आत ठेवा. मुख्य संगणक झोपी जाणार नाही असं वीज सेटिंगही करा, नाहीतर मालक जेवायला गेले की काउंटर बंद.

आता दुसरं दार, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

फोल्डर शेअर करताना बहुतेक ठिकाणी एव्हरीवनला, म्हणजे येईल त्याला, पूर्ण परवानगी दिलेली असते आणि पासवर्डचं संरक्षण बंद केलेलं असतं. पूर्वी हे चालून जायचं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संगणक असं बिनपासवर्डाचं पाहुणा म्हणून शिरणं नाकारतो. त्यामुळे बऱ्याच दुकानांत रात्री अपडेट झालं आणि सकाळी फोल्डर उघडेना झालं. इंटरनेटवर यावर ते संरक्षण पुन्हा बंद करायचा उपाय सांगतात. कृपा करून तो करू नका. सरळ रस्ता पाच मिनिटांचा आहे. मुख्य संगणकावर एक साधं लोकल खातं उघडा, ॲडमिनिस्ट्रेटर नको, आणि त्याला पासवर्ड द्या. पासवर्ड हवाच, कारण कोऱ्या पासवर्डच्या खात्याने विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मग फक्त टॅलीचं डेटा फोल्डर शेअर करा, अख्खा ड्राइव्ह नाही. शेअरिंगच्या परवानगीत त्या खात्याला वाचणं आणि बदलणं द्या, आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्येही तेच द्या. दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. पहिली देऊन दुसरी विसरली की कंपनी दिसते, पण व्हाउचर, म्हणजे टॅलीतली नोंद, सेव्ह होत नाही.

काउंटरला क्रेडेन्शियल मॅनेजर (विंडोजची पासवर्ड जपून ठेवायची जागा) उघडून विंडोज क्रेडेन्शियलमध्ये मुख्य संगणकाचं नाव, ते खातं आणि त्याचा पासवर्ड एकदा नोंदवून टाका. इथे बरेच जण मालकांचा चार आकडी पिन घालतात आणि चुकीचा पासवर्ड म्हणून परत येतात. पिन फक्त त्याच संगणकासमोर बसून चालतो, नेटवर्कवरून नाही.

आणखी एक गोष्ट, जी कळायला मला स्वतःला एका दुकानात पूर्ण दुपार गेली. त्या काउंटरला डेटाचं फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं होतं. फाइल एक्सप्लोररमध्ये झेड छान उघडायचा, आतली पाच-सहा आकडी नावांची फोल्डरंही दिसायची, पण टॅलीत झेड ड्राइव्हच नाही. शेवटी टॅलीच्या चिन्हावर उजवी क्लिक केली तेव्हा कळलं, कुणीतरी तिला कायमचं ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायला लावलं होतं. साध्या वापरात जोडलेला ड्राइव्ह ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला दिसत नाही. ती खूण काढली आणि यादी समोर आली. तेव्हापासून मी ड्राइव्हचं अक्षर देतच नाही. टॅलीत डेटाचा पत्ता पूर्ण लिहितो: दोन उलट्या तिरप्या रेघा, संगणकाचं नाव, एक उलटी तिरपी रेघ, फोल्डरचं नाव.

गोदामाचं लायसन्स. मुख्य संगणकावर लायसन्स सांभाळणारी टॅली गेटवे सर्व्हर नावाची सेवा चालू असते आणि ती सहसा ९९९९ या पोर्टवर (पोर्ट म्हणजे संगणकात शिरायची आकडा दिलेली खिडकी) ऐकते. गोदामाच्या टॅलीच्या फोल्डरात टॅली.आयएनआय ही फाइल आहे, तिच्यात गेटवे सर्व्हरसमोर जुना आकडा लिहिलेला सापडेल. तो टॅलीतूनच, लायसन्सच्या सेटिंगमध्ये जाऊन बदला: मुख्य संगणकाचं नाव आणि पोर्ट. तरी एज्युकेशनलच राहिली तर मुख्य संगणकाच्या फायरवॉलमध्ये ९९९९ ला वाट द्या. फायरवॉल अख्खी बंद करू नका. टॅलीच्या कनेक्टिव्हिटी सेटिंगमध्ये जो ९००० पोर्ट दिसतो तो वेगळा, इतर प्रोग्रामना टॅलीशी बोलायचं असेल तर लागतो. तुमच्या कामात त्याला हात लावायची गरज नाही.

मालकांना घरून बघायचं असतं, तो विषय निघेलच. त्यासाठी राउटरमधून ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचं) किंवा ४४५ (शेअर केलेल्या फोल्डरचं) पोर्ट बाहेर उघडा असं कुणी सांगितलं तर त्याला दुकानात उभं करू नका. रॅन्समवेअरवाले, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे, हेच पोर्ट शोधत फिरत असतात. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा तीन वर्षांचा हिशेब असाच कुलूपबंद झाला. बॅकअप त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हवर होता, तोही गेला. टॅलीचं सबस्क्रिप्शन चालू असेल तर टॅली.नेटचा (टॅलीच्या स्वतःच्या ऑनलाइन सेवेचा) आयडी देऊन रिमोट बघता येतं. मुख्य संगणक आणि कंपनी चालू हवी, एवढंच.

आता चौथं दार, तुमची ती शेवटची ओळ. हो, बदलाच, याच आठवड्यात.

एका दुकानात मार्चअखेरीला रोखीच्या खात्यातून एक नोंद गायब झाली. रक्कम एकवीस हजार. लॉगिन सगळ्यांचं एकच. संशय कुणावर आला? जी मुलगी सगळ्यात नवीन होती, तिच्यावर. तिने काही केलं नव्हतं हे दिवाणजींनी नंतर बँकेच्या स्लिपा लावून शोधून काढलं, नोंद चुकून दुसऱ्या तारखेला गेली होती. पण ते आठ दिवस ती रोज सगळ्यांच्या नजरा झेलत कामावर यायची. मी तेव्हा तिथेच होतो. जोडणी करतानाच प्रत्येकाला वेगळं नाव दिलं असतं, तर दोन मिनिटांत उलगडलं असतं. ती जोडणी मीच केली होती. तेव्हापासून एकच लॉगिन सगळ्यांना देऊन मी कुठल्याही दुकानातून उठत नाही.

करायचं असं. ऑल्ट आणि के दाबून कंपनीच्या मेनूत जा, अल्टर निवडून तुमच्याच कंपनीची माहिती उघडा, तिथे वापरणाऱ्यांवर नियंत्रण ठेवायचं का याला हो म्हणा. ॲडमिनिस्ट्रेटरचं नाव आणि पासवर्ड फक्त मालकांकडे राहू द्या. मग त्याच मेनूत युजर रोल्समध्ये काउंटरसाठी डेटा एंट्रीवर आधारलेला एक रोल करा आणि मागच्या किती दिवसांपर्यंत तारीख टाकता येईल ते तिथेच ठरवा. मी काउंटरला तीन दिवस देतो. मग युजर्स अँड पासवर्ड्समध्ये तिघांची तीन नावं. काउंटर एक, काउंटर दोन अशी नावं देऊ नका. माणसाचं नाव द्या, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी ते काढा.

तुमचं दुकान प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणं, आणि ती बंद करता न येणं, कंपनी कायद्याखालच्या नियमांनी बंधनकारक आहे. टॅलीचा एडिट लॉग त्यासाठीच आहे. प्रोप्रायटरी असेल तर सक्ती नाही, तरी चालू ठेवा. पण त्यात प्रत्येक बदलापुढे मालकांचंच नाव येत असेल तर त्या नोंदीतून काय कळणार?

एक मर्यादा मात्र मालकांना स्पष्ट सांगा. टॅलीचा पासवर्ड टॅलीच्या आत चालतो. शेअर केलेलं फोल्डर ज्याला उघडता येतं, त्याला ते पेनड्राइव्हवर कॉपीही करता येतं. ती भीती असेल तर टॅलीव्हॉल्ट लावा, त्याने डेटाच सांकेतिक होतो आणि यादीत कंपनीचं नावही दिसत नाही. पण टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर तो कुणालाही परत काढून देता येत नाही. तो कागदावर लिहून पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवायचा, हे ठरल्याशिवाय लावू नका.

आज दुकान बंद झाल्यावर बसा. आधी ऑल्ट आणि वायमधून बॅकअप, पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह काढून खिशात. मग पब्लिकचं प्रायव्हेट, पत्ता राखीव, विंडोजचं खातं, काउंटरचा पत्ता, गोदामाचं लायसन्स, याच क्रमाने, आणि प्रत्येक पायरीनंतर काउंटरला जाऊन बघा. युजरची नावं उद्या सगळे आल्यावर करा, म्हणजे ज्याचा पासवर्ड तो स्वतः टाकेल. कुठे अडलात तर तिन्ही संगणकांचे आयपीकॉन्फिगचे आकडे आणि टॅलीने दिलेला संदेश जसाच्या तसा इथे लिहा. मी रात्री साडेदहापर्यंत बघत असतो.