झिजलेला पट्टा कधी बदलावा?

प्रश्न : बडोद्याला मकरपुरा भागात, घरामागच्या शेडमध्ये मी स्वयंपाकाच्या सुऱ्या तयार करतो. पाणी दिलेले, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण केलेले, पाते बेल्ट ग्राइंडरवर घासताना त्याचे टोक अलीकडे निळे पडते. ग्राइंडरवर फिरणारा, घासणाऱ्या दाण्यांचा पट्टा मात्र अजून हाताला खरखरीत लागतो. तो बदलावा, की रबराच्या कांडीने साफ करून वापरावा?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : पट्टा बदलावा. हाताला खरखर लागते म्हणून तो कापतो आहे, असे समजू नये. दाण्यांची टोके झिजून सपाट झाली, की ते पोलाद कापायचे सोडून नुसते घासू लागतात. ठिणग्या विरळ होतात, हात नकळत जास्त जोर देतो आणि त्या जोरातून निर्माण होणारी उष्णता पात्याच्या सर्वांत पातळ भागात, म्हणजे टोकात आणि धारेत, साठते. कार्बन पोलादाची सुरी पाणी दिल्यानंतर तिचा ठिसूळपणा घालवण्यासाठी साधारणपणे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवतात. निळा रंग दिसतो तो ३०० अंशांच्या जवळपास. याचा अर्थ तेवढ्या भागाचे पाणी उतरले आहे. वरचा रंग पॉलिश पेपरने सहज निघतो, पण गेलेला कठीणपणा परत येत नाही. मऊ पडलेला भाग घासून काढावा लागतो, नाहीतर पात्याला नव्याने पाणी द्यावे लागते. एका पट्ट्याची किंमत वाचवण्यासाठी तयार होत आलेले पाते पणाला लावणे मला मुळीच पटत नाही.

यासाठी पाणी दिलेल्या पात्याला ताजाच पट्टा लावावा आणि अर्धवट झिजलेले पट्टे पाणी देण्यापूर्वी आकार काढण्यासाठी ठेवावेत, कारण त्या टप्प्यावर थोड्याफार उष्णतेने पात्याचे काही बिघडत नाही. पाते उघड्या बोटांनी धरावे, म्हणजे ते तापू लागल्याचे लगेच कळते, आणि चटका बसण्याआधीच ते शेजारच्या बादलीत बुडवावे.

रबराची कांडी उपयोगी आहे, पण तिचे काम वेगळे. मुठीचे लाकूड, पितळ किंवा ॲल्युमिनियम घासताना दाण्यांत अडकलेला चुरा ती काढते. बोथट दाण्याला ती धार आणू शकत नाही. सिरॅमिक दाण्यांचा पट्टा वापरत असाल, तर तो भरड कामात सुरुवातीपासून दाब देऊन चालवावा. त्याचे दाणे दाबाखाली बारीक फुटतात आणि नवी टोके उघडी पडतात. फार हलका हात ठेवल्यास तो पुरता वापरला जाण्याआधीच गुळगुळीत होतो.

बडोद्याच्या पावसाळ्यातली दमट हवा पट्ट्यांना मानवत नाही. ते घडी घालून ठेवू नयेत, खिळ्यालाही अडकवू नयेत; कोरड्या जागी जाड गोल पाइपावर टांगावेत. बरेच दिवस पडून राहिलेल्या पट्ट्याचा सांधा सुटू शकतो, म्हणून चढवण्याआधी तो नीट पाहावा, पट्ट्यामागे बाण असल्यास त्याच दिशेने तो बसवावा आणि प्रथम बाजूला उभे राहून, पाते न लावता, थोडा वेळ रिकामा फिरवून घ्यावा.