रतनगडावर सप्टेंबरमध्ये दिसणारी पिवळी, डेझीसारखी फुलं कुठली? आणि ती सोलापूरकडे का दिसत नाहीत?

ती सोनकी. तुम्ही लिहिलंय की गडावरून उतरताना आख्खा उतार पिवळा होता, फुलं छोट्या सूर्यफुलासारखी, रोपं गुडघ्याच्या आतबाहेर आणि महिना सप्टेंबर, एवढ्यावरून फोटो न बघताही मी सोनकीच म्हणेन. शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस, जुन्या पुस्तकांत सेनेसिओ ग्रॅहॅमी असं सापडेल, दोन्ही एकच. नावात बॉम्बे असलं तरी मुंबई शहरात शोधत बसू नका, तिचं घर वर घाटमाथ्यावर आहे.

सूर्यफुलाच्या कुळातली हा तुमचा अंदाज बरोबर आहे. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर गुच्छ असतो, मधल्या चकतीत नळीसारखी बारीक फुलं दाटीने बसलेली आणि कडेची प्रत्येक पाकळी म्हणजे सुद्धा एक वेगळं फूलच. पुढच्या वेळी साधं भिंग घेऊन जा आणि एकच फूल नीट बघा, पाच मिनिटं कुठे गेली कळत नाही.

आता ती कुठे कुठे असते ते. सोनकी सह्याद्रीची आहे आणि महाराष्ट्रातला सह्याद्री हे तिचं मुख्य घर. हरिश्चंद्रगड, कळसूबाईचा परिसर, राजगड, तोरणा, रायरेश्वर, महाबळेश्वर, कास, ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत या सगळीकडे ती भेटते. तिला लागतं काय तर उंची, उघडा माळ किंवा उतार, कातळावरचा पातळ मातीचा थर आणि महिनोन्‌महिने धरून बसणारा पाऊस आणि धुकं. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलात की तो 1000 च्याही आत, अंतर फार नाही पण हवा पूर्ण बदलते आणि सोनकीही पातळ होत होत संपते. सोलापूर तर त्याच्याही कितीतरी पूर्वेला, सपाट आणि कोरडं. म्हणून तुम्हाला तिकडे दिसत नाही, तुमच्या बघण्यात काही चूक नाही.

पण एक गोष्ट नक्की तपासा, कारण तुम्ही गेलात त्याच भागात हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. अकोले तालुक्यात त्याच दिवसांत खुरासणी म्हणजे कारळे फुललेले असतात, तेही पिवळे आणि याच कुळातले. खुरासणी हे तेलबियांचं पीक आहे, मुळात आफ्रिकेतून आलेलं, त्यामुळे ते बांध घातलेल्या वावरात असतं, झाड बरंच उंच, पाकळ्या साधारण आठ आणि रुंद. जिथे कोणी पेरायला जाणार नाही अशा कड्यावर, कातळाच्या फटीत, गडाच्या तटावर पिवळं दिसलं तर ती सोनकी. कासला अजून एक पिवळं फूल भरपूर असतं, दोन लाल ठिपक्यांचं, लोक मिकी माऊस म्हणतात, ती स्मिथिया, ती शेंगावर्गातली आहे, तिचा या कुळाशी संबंध नाही.

आणि रस्त्याच्या कडेला नारिंगीकडे झुकणारा जो पिवळा दिसतो तो कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोचा. फोटोत छान दिसतो पण मला तो बघून वाईट वाटतं, कारण बागेतून निघून तो आता टेकड्यांवर पसरतोय आणि तिथलं गवत, तिथली रानफुलं यांची जागा खातोय, आणि बरेच लोक त्यालाच सोनकी समजून बिया उडवतात. कृपा करून तसं करू नका.

तुम्ही विचारलंय की सोनकीचं बी आणून घरी लावता येईल का. मी आणणार नाही. एक तर तिला जे हवं ते कुंडीत मिळणं कठीण, दुसरं म्हणजे कासला फूल तोडायलाही मनाई आहे. घरात लहान मुलं असतील तर अजून एक, सेनेसिओच्या बऱ्याच जातींमध्ये यकृताला बाधणारी द्रव्यं असतात, त्यामुळे कोणी औषध म्हणून काढा करून प्यायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

बी बघायचंच असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी परत जा. पिवळं सरलेलं असेल आणि काड्यांवर पांढऱ्या मऊ केसांचे झुबके दिसतील. सेनेसिओ हे नाव लॅटिनमधल्या म्हातारा या शब्दावरून आलंय ते या पांढऱ्या केसांमुळेच, आणि आपण लहानपणी वाऱ्यावर उडणाऱ्या अशाच बियांच्या मागे म्हातारी म्हातारी करत धावायचो. खुरासणीच्या काळ्या दाण्यांना असे केस नसतात, तेव्हा एवढं बघितलंत की तुमची शंका जागेवरच मिटेल.