एअर शोमध्ये विमानं इतक्या खालून का उडवतात? उंचावर कसरती केल्या तर काय बिघडतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की दुबईच्या एअर शोत तेजस हे लढाऊ विमान पडल्याचा व्हिडिओ बघितल्यापासून मुलांना एअर शोला न्यायची भीती वाटते. आणि शेवटी एक वाक्य टाकलंय, 'या वैमानिकांना एवढी मस्ती कशाला?' त्या मस्ती शब्दासाठी मी लिहायला बसलोय. एरवी मी इथं फक्त वाचतो.

सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. उंचावर केलं तर दिसत नाही. तेजसची लांबी 13 मीटरच्या आसपास. दीड किलोमीटरवरून ते पौर्णिमेच्या चंद्राएवढं दिसणार, म्हणजे हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या निम्मं. आमच्या कोल्हापुरात खासबागेत शाहू महाराजांनी कुस्तीचं मैदान खोलगट बांधलं, म्हणून सगळ्यात मागं बसलेल्यालाही पैलवानाची पकड दिसते. आभाळाला तशी सोय नाही, मग विमानालाच खाली यावं लागतं. झालं.

आता मस्तीचं.

उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. दिवसभर बुश आणि शाफ्ट, रात्री शटर ओढलं की बाल्सा लाकडाची विमानं. हा नाद हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका काकांनी लावला. ते आता नाहीत. पाच फुटी पंखांचं, तीन किलोच्या आतबाहेर वजनाचं, रिमोटवर उडणारं विमान मी बांधलं होतं. इंजिन मिथेनॉल आणि एरंडेल तेलावर चालणारं. उडवून आलो की कपड्यांना दोन दिवस जळक्या एरंडेलाचा वास, बायको ते कपडे वेगळे भिजवायची.

2011 च्या फेब्रुवारीत आमच्या दाजींनी, म्हणजे आक्काच्या मालकांनी, एका शाळेच्या स्नेहसंमेलनात माझ्या विमानाचा कार्यक्रम ठरवला. मला विचारलं ते पत्रिका छापून झाल्यावर. सूत्रसंचालन अर्थात दाजींचं. त्यांच्या हातात माइक दिला की काढून घ्यायला दोन माणसं लागतात.

मी महिनाभर गावाबाहेरच्या माळावर सराव केला होता. सकाळी सातला, थंडीत, टाकी अर्धी. कार्यक्रमाच्या दिवशी माझी पाळी आली साडेचारला. ऊन तापलेलं, टाकी गच्च, आणि ऐनवेळी दाजींनी शेपटीला दोन मीटरची भगवी पताका बांधायला लावली. 'लोकान्ला भारी वाटतंय रं, बांध की.' कापड हवेत ओढ देतं, इंजिनाला ओझं होतं, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, दोन मीटर कापडाचं कसलं आलंय ओझं.

पहिल्या दोन फेऱ्या उंचावरून काढल्या. टाळ्या बऱ्या पडल्या. मग माइकवरून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, 'जरा खाली घे की लेका, मागच्यांना इंजान दिसंना झालंय!' पब्लिक हसलं. मी खाली घेतलं. पुन्हा, 'अजून खाली!' पुन्हा घेतलं. आणि तिथून लूप.

लूपमध्ये विमान उभं वर्तुळ मारतं. वर चढायला लागणारं बळ बहुतेक खालच्या वेगातून येतं. वेग कमी पडला की वर्तुळाचा माथा खाली राहतो, आणि माथा खाली राहिला की उतरताना जागा पुरत नाही. काकांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, 'माथ्यावर पोचलास आणि उंची कमी वाटली, तर तिथंच सुलटा हो आणि सरळ निघून जा. खाली यायचं कुणी आवतण दिलेलं नाही.'

माथ्यावर इंजिनाचा आवाज दमल्यासारखा झाला आणि पताका लोंबली. मला कळलं होतं. चौदा वर्षं घरात 'कळलंच नाही' असं सांगत आलोय, पण कळलं होतं. सुलटं करून निघायला एक सेकंद होता. पण माइकवर 'आणि आताऽऽऽ' सुरू झालं होतं.

मी रिमोटची काडी ओढली. जमीन अंगावर येताना माणूस ओढतोच, हात ऐकत नाही. आणि हद्दीपलीकडे ओढलं की पंख हवा सोडतो. नाक वर उचललेलं दिसतं पण विमान खालीच बसत जातं, पावसात ओल्या रस्त्यावर हँडल वळवूनही गाडी सरळ जाते तसं. त्याला स्टॉल म्हणतात. चाकं मैदानाला लागली, विमान एकदा उसळलं आणि दोरीखालून आत घुसलं. पहिल्या रांगेत बसलेल्या चौथीतल्या पोरानं तोंड वाचवायला हात पुढं केला. प्रोपेलर डाव्या हाताला. सात टाके. त्या क्षणी स्पीकरवरून सगळ्या मैदानानं ऐकला तो दाजींचा 'आयला'.

सीपीआर दवाखान्याच्या बाकावर पोराचा बाप माझ्या शेजारी येऊन बसला. मी शिव्यांची वाट बघत होतो. तो म्हणाला, 'इमान दुरुस्त हुईल न्हवं तुमचं?' शिव्या परवडल्या असत्या. तो पोरगा आता गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत लागलाय, रस्त्यात भेटला की बाही वर करून वण दाखवतो आणि हसतो.

तेव्हापासून घरात तांबडा-पांढऱ्याचं जेवण असलं की विषय निघतो आणि दाजींचं एकच वाक्य असतं, 'रिमोट कुणाच्या हातात होता?' सगळे हसतात. मी भाकरी मोडत बसतो.

तर 2015 साली इंग्लंडात शोरहॅमला काय झालं ते बघा. हॉकर हंटर नावाचं जुनं जेट, लूप मारताना माथ्यावर किमान 3500 फूट हवं होतं, पोचलं 2700 च्या आसपास. खालून चढतानाचा वेगच कमी होता. माथ्यावर सुलटं होऊन निघून जायला वाव होता, असं चौकशीत निघालं. वैमानिक तरीही लूप पुरा करायला खाली आला. विमान मैदानाबाहेरच्या हमरस्त्यावर पडलं आणि 11 माणसं गेली. वैमानिक वाचला, पुढं खटल्यातून निर्दोषही सुटला. तो अहवाल मी डिक्शनरी घेऊन दोनदा वाचला. त्यात पताका सोडून माझंच सगळं होतं.

दुसरं उदाहरण आकडेमोडीचं. 2003 मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या थंडरबर्ड्स या कसरतींच्या पथकातल्या एका वैमानिकानं उलटं होऊन खाली यायच्या कसरतीसाठी उंची मोजली ती आपल्या नेहमीच्या तळाच्या हिशेबानं. शोचं ठिकाण समुद्रसपाटीपासून त्याहून हजारभर फूट उंच होतं. जमिनीपासून 2500 फूट हवे होते, तो 1670 वरूनच वळला. जमीन 140 फुटांवर असताना बाहेर उडी मारली, विमान आदळायच्या 0.8 सेकंद आधी. वाचला. आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टीचं घ्या, ती समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर आहे. समुद्रसपाटीपासून उंची दाखवणारा काटा 2000 म्हणत असेल, तर इथं तुम्ही जमिनीवर उभे आहात. यात मस्ती कुठं आली?

हवेत वर चूक झाली तर ती निस्तरायला वेळ असतो. ताशी 700 किलोमीटरनं नाक खाली करून येणारं विमान 300 फूट अर्ध्या सेकंदात संपवतं. लोक विचारतात, इजेक्ट का नाही केलं, म्हणजे खुर्चीसकट बाहेर का नाही पडला? आजची खुर्ची जमिनीवर उभ्या विमानातूनही माणसाला सुखरूप वर फेकते, पण विमान वेगानं खाली येत असेल तर त्या फेकण्यातला बराच भाग तो उतार रद्द करण्यातच जातो. 21 नोव्हेंबर 2025 ला दुबईतल्या त्या तेजसचे वैमानिक विंग कमांडर नमांश स्याल गेले, आणि त्याच संध्याकाळी आमच्या ग्रुपवर कारण शोधून मोकळे झालेले लोक होते, त्यात दाजी पहिले. 'इमानच भंगार.' चौकशी ज्यांनी करायची ते करतील. स्वतः पतंग न उडवलेल्यांनी जरा थांबावं.

मस्ती कधीच नसते असं मात्र म्हणणार नाही. 1980 मध्ये दिल्लीत संजय गांधी पिट्स विमानात खालून कसरती करताना गेले, सोबत कॅप्टन सक्सेना. 1994 मध्ये अमेरिकेत फेअरचाइल्ड तळावर बड हॉलंड नावाचा वैमानिक बी-52 सारखं अवाढव्य बॉम्बर विमान एअर शोच्या सरावात वाकडंतिकडं करत होता. त्याचे असले प्रकार वर्षानुवर्षं चालू होते आणि वरिष्ठ काणाडोळा करत होते. मार्क मॅकगीहान या अधिकाऱ्यानं त्याला उडण्यापासून थांबवा म्हणून सांगितलं, कुणी ऐकलं नाही. तेव्हा त्यानं ठरवलं की आपली माणसं याच्याबरोबर पाठवायची नाहीत, मीच बसणार. त्या दिवशी तोही विमानात होता. चौघंही गेले. मस्ती एकाची, पण ती चालू देणारे किती होते ते मोजा. माइक काय फक्त स्पीकरलाच जोडलेला असतो असं नाही.

मुलांना न्यायचं का, तर न्या. फक्त विमानं लोकांच्या समोरून आडवी जाणार आहेत का ते बघा. डोक्यावरून किंवा गर्दीच्या दिशेनं येणारी कसरत असेल तर मी थांबणार नाही. 1988 मध्ये जर्मनीत रामस्टाइनला इटलीच्या पथकातली विमानं एकमेकांवर आपटली आणि गर्दीकडे येणारं एक थेट लोकांत पडलं, 70 गेले. 2002 मध्ये युक्रेनमध्ये ल्विव्हला सुखोई गर्दीत घुसलं, 77 गेले, आणि दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले. तिकीट वाचवायला कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर गाडी लावून बघू नका, शोरहॅमची माणसं रस्त्यावरच होती. आणि टोपी, पाणी भरपूर घ्या. 2024 मध्ये चेन्नईच्या मरीना बीचवर एअर शोला पाच जण गेले ते उन्हानं आणि गर्दीनं, विमानं सगळी नीट उतरली होती.

मी वैमानिक नाही, हे आधी सांगायला हवं होतं. तीन किलोच्या विमानाची आणि फायटर जेटची बरोबरी करू नये हेही कळतं. आणि काडी माझ्याच हातात होती, दाजी, मान्य.

पण त्या सकाळी मी मैदानावर चुन्यानं रेघ मारून दिली होती, धावपट्टीपासून शंभर पावलांवर, लोक तिच्या मागं बसतील म्हणून. दुपारी येऊन बघतो तर दोरी चाळीस पावलांवर. मागं पाहुण्यांचा मांडव घातला होता. मांडव तिथं घालायला कुणी सांगितलं ते आक्काला विचारा, तिला पाठ आहे.