जावाला निघालेल्या विद्यार्थिनीस

कुडाळ

पोरी,
अनेक आशीर्वाद. तुझी यादी वाचली. बारा दिवसांत बाली, जोग्जा, सोलो, बोरोबुदुर, प्रंबानन, वर कोमोडोचे सरडे. एवढं तर एसटीचा कंडक्टरही पळत नाही. सरडे काढून टाक. बालीला तीन दिवस पुरेत, सोलोला एक. बाकी सगळे जोग्जाला दे. योग्याकार्ता हे कागदावरचं नाव, बोलताना सगळे जोग्जाच म्हणतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन दिवस तोंडात एकच वाक्य होतं, ‘अरे, हे तर आपलंच!’ पाट्यांवर गुरु, बुमी, सूर्य. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते नमाजी गृहस्थ, पण अर्जुन, भीम, घटोत्कच सगळे पाठ. मी खूश. एका रात्री ओटीवर बसून मी द्रौपदीच्या पाच नवऱ्यांचा विषय काढला आणि ते गोंधळले. जावाच्या कथेत द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको. शिखंडी तिथे स्रिकांदी होते, धनुष्य चालवणारी बाई, अर्जुनाची बायको. मी लगेच मास्तर झालो आणि ‘मूळ’ गोष्ट समजावायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा ओतला आणि विचारलं, ‘तुमच्याकडे सेमार नाही?’

नाही म्हटलं.

‘मग पांडवांना सुनावतं कोण?’

सेमार म्हणजे पांडवांचा नोकर. पोट सुटलेला, म्हातारा, विदूषक. पण खरा देव, इतर देवही त्याच्यापुढे नमतात. गारेंग, पेत्रुक, बागोंग ही त्याची पोरं. आपल्या महाभारतात यांना जागाच नाही. त्या रात्रीपासून मी ‘आपलंच’ म्हणणं बंद केलं. तूही ओळखीचं दिसलं की तिथेच थांबून बघ, ते कुठे वळलंय.

वायांग कुलित, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीचा खेळ, पूर्ण रात्रीचा बघ. सोनोबुदोयो संग्रहालयात संध्याकाळी छोटा प्रयोग असतो, सवयीसाठी तो आधी बघून घे. खरा खेळ गावात, कुणाच्या घरच्या कार्याला, रात्री नऊच्या सुमारास सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. आमंत्रण लागत नाही. जिथे उतरशील तिथे विचार, आणि अंगावर शाल ठेव.

पडद्याच्या सावलीच्या बाजूला अर्धा तास बस आणि मग उठून मागे जा. तिथेच रहा; हल्ली तिथले लोकही बहुतेक मागेच बसतात. केळीचे खांब आडवे टाकलेले असतात आणि म्हशीच्या कातड्याच्या बाहुल्या त्यांत खोचून दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या असतात. मधे दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा, मांडी घालून बसतो तो पहाटेपर्यंत. सगळ्या पात्रांचे आवाज तोच काढतो, गमेलानला, म्हणजे साथीच्या वाद्यवृंदाला, इशारा तोच देतो. तू त्याच्या उजव्या पायाकडे बघ. लढाई लागली की तो पाय पेटीला टांगलेल्या धातूच्या पट्ट्यांवर आपटत असतो, वर हातात दोन बाहुल्या झुंजत असतात आणि चेहऱ्यावर काहीच नसतं. माझ्या वहीत त्या रात्रीची अकरा चित्रं आहेत, त्यातली नऊ पायाची.

मध्यरात्री गारा-गारा हा विनोदाचा भाग येतो. सेमारची पोरं बाहेर पडतात, गाणी, टवाळी, गावातल्या भानगडी. जावानीज कळत नसली तरी ते चुकवू नकोस. पेंग त्याच्या आधी काढ.

बाटिकचं, म्हणजे मेणाने नक्षी काढून रंगवलेल्या कापडाचं, मात्र सांभाळून. मालिओबोरो या जोग्जाच्या बाजाररस्त्यावर कुणी गोड बोलून ‘विद्यार्थ्यांचं प्रदर्शन, आज शेवटचा दिवस’ म्हणाला तर पुढे चालू लाग. मी गेलो होतो. चहा मिळाला, कौतुक मिळालं आणि छापील कापड हाताने काढलेल्याच्या भावात गळ्यात पडलं. तो शेवटचा दिवस पुढच्या आठवड्यातही चालू होता. कापड उलटून बघायचं एवढी साधी गोष्ट मला कळू नये! हाताच्या बाटिकला मेण दोन्ही बाजूंनी चढवतात, त्यामुळे रंग मागेही तेवढाच भरलेला असतो. छापील कापड बहुधा मागून फिकं. तांब्याच्या ठशाचं ते ‘चाप’, तेही खोटं नव्हे, फक्त नक्षी जिथल्या तिथे तंतोतंत परत येते. जमलं तर एक दिवस एखाद्या कारागीर बाईंच्या शेजारी बसून चांटिंग धर. इवलीशी तांब्याची वाटी, तिला चोच. मेण फार तापलं तर पसरतं, निवलं तर चोचीत अडकतं. त्या मधूनमधून चोचीवर फुंकर मारतात. मी मारली तर गरम थेंब माझ्याच गुडघ्यावर.

बोरोबुदुरच्या बौद्ध स्तूपाला सगळे पहाटेच्या फोटोसाठी धावतात. धावू देत. तू खालच्या भिंती बघ, पहिल्या सज्जात कोरलेली जहाजं शोध. प्रंबाननला शिवाच्या मंदिरात पूर्वेकडून चढ आणि आपण प्रदक्षिणा घालतो तशीच चाल, म्हणजे रामकथा क्रमाने लागते. वानरांच्या सेतूपर्यंत आलीस की ती तिथे संपते. पुढची ब्रह्म्याच्या मंदिरात आहे. बरेच जण लंका न बघताच परततात.

खाण्यात गुदेग खा. कच्चा फणस नारळाच्या दुधात आणि गुळात तासन्‌तास शिजवलेला. आपल्या भाजीची आठवण येईल, पण पहिला घास इतका गोड लागेल की दचकशील. लोकांच्या समोरून जाताना जरा वाकून ‘परमिसी’ म्हण, देणंघेणं उजव्या हाताने.

एक काम आहे. येताना बारीक चोचीचं चांटिंग आण, माझं मेणाने कायमचं बुजलंय. आणि बाहुल्यांचे खांदे आणि कोपरं नीट काढून आण, सांधा कसा बांधलाय ते दिसेल असं. तू आठवीत असताना पिंगुळीला ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या बघायला आपण गेलो होतो, तेव्हाची तुझी वही माझ्याकडेच राहिली आहे. दोन्ही वह्या घेऊन पावसाआधी एकदा परत जाऊ.

तुझे,
चित्रकलेचे सर