किंगपिन गेली का बेअरिंग? आधी ब्रेक दाबून बघा

मागच्या अंकात जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग लागलाय. बहुतेकांचं रडगाणं एकच: मिस्त्री म्हणतो पूर्ण फ्रंट खोलावं लागेल, आकडा ऐकून घरचे म्हणतात भंगारात घाला एकदाची. सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही, थोडीच घेतलीत, पहिलं लांबलंय कारण बाकी बऱ्याच जणांचं उत्तर त्यातच आहे.

काका, वडिलांची १९८६ ची पद्मिनी अकरा वर्षं शेडमधे लिंबाखाली उभी होती. इंजिन चालू झालं, पण पन्नासच्या पुढं गेलं की स्टेअरिंग असं थरथरतं की हातातून सुटतंय का काय वाटतं, आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढती. एक मिस्त्री म्हणला किंगपिन (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती), दुसरा म्हणला बेअरिंग, तिसरा म्हणला निस्ते टायर बदला. कुणाचं ऐकू? (वाचक, सेलू)

दादा, आधी कुणाचंच ऐकू नका, दहा मिनिटात तुम्हीच बघू शकता. पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा. निस्त्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, आपल्या काळ्या मातीवर तर बिलकूल नाही, पाऊस झालेला असला की जॅक उभ्या उभ्या रुततो, खाली शहाबादी फरशी नाहीतर जाड फळी पाहिजेच. मग चाकाला वर आणि खाली, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथं धरून आतबाहेर हलवा. खटखट लागली? आता घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खटखट गेली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, बेअरिंगमधे आहे. ब्रेक दाबूनही हलतच असेल तर किंगपिन, नाहीतर आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यात बसवलेल्या नळ्या, ते आतून टॉर्च मारून बघितलं की कुठं हलतंय ते डोळ्यालाच दिसतं. फक्त एक आहे, त्या चाकाचा ब्रेकच धरत नसेल तर ही टेस्ट खोटं बोलते, आणि तुमचं एक चाक धरत नाहीये हे तुमच्याच पत्रात आलंय. त्यामुळं ब्रेक आधी, टेस्ट नंतर.

आता ब्रेकचंच बघू. गाडी डावीकडं ओढती म्हणून सगळे डावा ड्रम (चाकातला ब्रेकचा गोल डबा) खोलतात आणि त्यात काहीच सापडत नाही. अहो गाडी ओढती ती जिकडं ब्रेक चांगला लागतो तिकडं, म्हणजे चोर बहुतेक उजव्या चाकात बसलाय. उजवा ड्रम काढा. एकतर व्हील सिलेंडरचा, म्हणजे तेलाच्या दाबानं ब्रेक ढकलणाऱ्या नळीचा, पिस्टन गंजून चिकटलेला असेल, नाहीतर सिलेंडर गळून किंवा हबचं सील जाऊन लायनर (ड्रमला घासणारा पट्टा) तेलकट झालेला असेल. तेलकट लायनर पेट्रोलनी धुवून परत लावायची आपल्याकडं फार खोड आहे, लायनर आतपर्यंत तेल पिलेला असतो, ड्रम तापला की ते परत वर येतं. बदलायचाच, आणि दोन्ही बाजूचे बदलायचे, एका बाजूला नवा एका बाजूला जुना ठेवला तर ओढणं जाणार नाही, निस्ती बाजू बदलेल. आणि ड्रममधली धूळ कंप्रेसरच्या हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असतं आणि ते फुफ्फुसात जाऊन बसतं, ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. हे मला उशिरा कळलं, तोवर कित्येक वर्षं तोंडानं फुंकर मारलीय.

व्हील सिलेंडर उघडल्यावर आतून बोट फिरवा. गुळगुळीत असेल तर निस्ता कप किट (आतल्या रबरी वाट्या) टाकून भागतं. खड्डे लागले तर पॉलिश पेपर मारत बसू नका, अकरा पावसाळे ओल पिलेल्या सिलेंडरला नवा कप टाकला तर तो आठ दिवसात परत गळतो, अख्खा सिलेंडर बदला. होज, म्हणजे रबरी पाइपही नवे घ्या, वरून कितीही चांगले दिसूदेत. जुना होज आतून फुगतो, दाबल्यावर तेल पुढं जातं पण सोडल्यावर माघारी येत नाही, मग चाक धरूनच राहतं आणि माणूस विनाकारण शू (ज्यावर लायनर बसवतात तो) घासत बसतो.

आता थरथर. पद्मिनी म्हणजे मूळची फिएट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १९७४ पासून पद्मिनी नावानं. तिला पुढं वरखाली दोन आर्म, कॉइल स्प्रिंग, आणि चाक वळतं ते किंगपिनवर. आजच्या गाड्यांसारखा सीलबंद बॉल जॉइंट नाही, किंगपिनला ग्रीस लागतं, दोनेक हजार किलोमीटरला ग्रीसची गन मारलीच पाहिजे, आणि ती चाक उचलून मारायची म्हणजे ग्रीस सगळीकडं पोचतं. कडेनं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारत राहायचं. अकरा वर्षात आतल्या ग्रीसचं मेण झालेलं असणार, निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) बुजलेला असेल तर सुई घालत बसू नका, निप्पल स्वस्त असतो.

किंगपिन गेलेलीच निघाली तर किटमधे पिन, बुश, थ्रस्ट बेअरिंग, शिम (पातळ चकत्या) सगळं येतं, पण खरं काम रिमरचं, म्हणजे भोक मापात कापणाऱ्या हत्याराचं आहे. नवा बुश प्रेस केला की आतून थोडा आवळतो, त्याला रिमर मारून पिनच्या मापाचा करावा लागतो, आणि वरचा खालचा दोन्ही बुश एकाच लांब रिमरनं एका रेषेत व्हायला पाहिजेत. पिन अंगठ्याच्या दाबानं सरकली पाहिजे, हातोडीनं ठोकायला लागली तर जड होणार, आपोआप पडली तर पैसे वाया. पॉलिश पेपरनं बुश घासून "बसवतो की" म्हणणारा मिस्त्री असेल तर हात जोडा आणि लेथवाल्याकडं जा. आणि बुशचं भोक निप्पलच्या भोकासमोर आलंय का हे प्रेस करायच्या आधी बघा. मी शिकाऊ असताना एक बुश उलट्या तोंडानं ठोकला होता, महिन्याभरात गाडी करकर करत परत दारात, उस्तादांनी काही न बोलता ती गन माझ्या हातात दिली आणि म्हणले, मार ग्रीस. जाईचना. संध्याकाळपर्यंत मारायला लावलं त्यांनी.

स्प्रिंग मात्र घरी काढू नका. दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर समोर येईल ते फोडते, बरोबर मापाचा कंप्रेसर आणि ज्यानं आधी हे काम केलंय असा माणूस दोन्ही पाहिजे. खोलताना शिम जिथं जिथं सापडतील तिथं तिथं कोणत्या बोल्टखाली किती होत्या ते खडूनं शेडच्या पत्र्यावर लिहून ठेवा, त्यावरच चाकाचा अँगल असतो. मोबाइलवर फोटो पण काढा, पण हात काळे झाले की मोबाइल कोण काढतंय.

रबरी बुशचं एक गुपित सांगतो, हे चांगले चांगले मिस्त्री पण चुकतात. आर्मचे बोल्ट गाडी वर टांगलेली असताना फायनल टाइट करायचे नाहीत. हलके लावा, चाकं लावा, गाडी जमिनीवर टेकवा, दोनचारदा दाबून सोडा आणि मग वजन असताना आवळा. टांगलेल्या गाडीला आवळलं की गाडी खाली बसल्याबरोबर रबर पिळवटलं जातं आणि कायम पिळवटलेलंच राहतं, सहा महिन्यात फाटतं आणि मग आपण म्हणतो डुप्लिकेट माल होता.

तो टायरवाला मिस्त्री पण अर्धा बरोबर आहे बरं का. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. अकरा वर्षं एकाच जागी उभा राहिलेला टायर खालून चपटा झालेला असतो, नक्षी कितीही शिल्लक दिसू द्या. म्हणून क्रम असा धरा: ब्रेक, मग प्ले कुठं आहे ते, टाय रॉड एंड आणि आयडलर हे स्टेअरिंगचे सांधेसुद्धा, मग टायर आणि बॅलन्सिंग, आणि शेवटी अलाइनमेंट. उलटा क्रम केला तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा.

पेडल पहिल्यांदा खालपर्यंत जातं, दुसऱ्यांदा मारलं की कडक लागतं. ब्रेक ऑइल संपलं होतं म्हणून रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्यानं त्याच्याकडचं इंजिन ऑइल टाकलं, चालतं म्हणला. तेव्हापासून ब्रेक पण धरून राहू लागलेत. (वाचक, लातूर)

मायला, चालतं म्हणला! नाही चालत. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल आहे, डॉट ३ आणि डॉट ४ (डब्यावर लिहिलेला दर्जा) ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि ब्रेकचं रबर त्याच्याच हिशोबानं बनवलेलं असतं. इंजिन ऑइल लागलं की कप फुगतात, मास्टर सिलेंडरमधलं, म्हणजे पेडलनं दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलेंडरमधलं, माघारीचं बारीक भोक बंद होतं, आणि ब्रेक सुटेनासा होतो. खात्री करायची असेल तर टाकीतलं थोडं तेल काचेच्या ग्लासात पाण्यावर टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल वर तवंग धरून तरंगतं. तवंग दिसला तर दादा, वाईट वाटून घेऊ नका पण मास्टरचे कप, चारी सिलेंडरचे कप, सगळे होज, सगळं रबर फेकायचं, लोखंडी पाइप स्पिरिटनं धुवायचे आणि नवं भरायचं. अर्धं काम केलं तर ते सगळं परत करावं लागेल. आणि तोवर गाडी चालवू नका, जुन्या गाडीला बहुतेक ब्रेकचं एकच सर्किट असतं, एक जागा गेली की चारी चाकं गेली.

पहिल्या दाबाला खाली जाणं हे वेगळं दुखणं. शू ॲडजस्ट नसल्यानं ड्रमपासून लांब पडले असतील, नाहीतर हवा असेल. आधी शू ॲडजस्ट करा, मग एअर काढा, मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक पहिलं, म्हणजे आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत बहुतेक मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. टाकीत तेल संपू देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरू. आणि पेडल कडक आहे पण पाय ठेवून उभं राहिलं की हळूहळू खाली बसतं, बाहेर गळत तर कुठंच नाही, असं असेल तर मास्टर आतून गेलाय. रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग सोलून काढतं ते.

घाट उतरताना ब्रेक नरम पडतो. पद्मिनीला पुढं ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवून देतो म्हणणारा एक जण भेटलाय. बसवू का? (वाचक, कन्नड)

माझं मत विचाराल तर नाही. तुमच्या घाटात मी पण उतरलोय, तिथं डिस्कपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची जास्त गरज असते. १०८९ सीसीच्या गाडीला ड्रम नीट गोल असतील, लायनर बरोबर बसला असेल तर पुरतात. नरम पडतो म्हणजे एकतर ड्रम तापून पकड सोडतोय, नाहीतर तेल म्हातारं झालंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, ताजं डॉट ३ निदान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं १४० च्या आसपासच उकळायला लागू शकतं, आणि उकळलं की पाइपात वाफ, वाफ दाबली जाते, पेडल खाली. दर दोन वर्षांनी तेल बदलून बघा, डॉट ४ टाकलं तर अजून बरं. डिस्क बसवायची म्हणलं तर मास्टरचं माप बदलतं, ड्रमसाठीचा आतला व्हॉल्व्ह तसाच राहिला तर डिस्क घासत राहते, आणि हे हिशोब जोडजमाव करणारा माणूस करत नाही.

आमची ॲम्बॅसिडर डाव्या बाजूनं खाली बसलीय, स्प्रिंग बदलावी लागेल का? (शिक्षिका, अंबाजोगाई)

ताई, ॲम्बॅसिडरला पुढं कॉइल स्प्रिंग नाहीच, टॉर्शन बार आहे, म्हणजे लांब पोलादी दांडा जो पिळवटून वजन झेलतो. बसलेली बाजू दांडा दात्यांवर एक घर सरकवून वर आणता येते. पण दांडा चिरलेला असेल तर बदला, आणि डाव्याचा उजवीकडं टाकू देऊ नका, प्रत्येकाला एकाच दिशेनं पिळायची सवय लावलेली असते. आधी मात्र दोन्ही टायरची हवा आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) बघून घ्या, कितीतरी वेळा दोष मागं असतो आणि पुढचं खोललं जातं.

१९७२ ची फिएट आहे, व्हिंटेज नंबर घेतला तर रोज चालवता येईल का? (वाचक, जालना)

नाही. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठेवली होती, पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रोज बाजारात न्यायची असेल तर साध्या आरसीचंच नूतनीकरण करा.

ब्रेकचं काम झाल्यावर ट्रायल कुठं घ्यावी? (वाचक, नांदेड)

हायवेवर नक्कीच नाही. आधी उभ्या गाडीत पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा आणि खाली वाकून सगळे जोड बघा, ओल दिसते का. मग सकाळी मोकळ्या शिवाररस्त्यावर वीसच्या स्पीडला आठदहा ब्रेक मारा, उतरा आणि चारी ड्रमजवळ हात न्या, हात लावू नका, निस्ता जवळ न्या. पुढच्या दोन्हीत एक जास्त तापलेला किंवा एक गारच लागला तर परत खोला. पुढचे मागच्यापेक्षा जास्त तापणारच, त्याची काळजी नाही. आणि निघायच्या आधी हातब्रेक धरतोय का ते बघून घ्या, ट्रायलला तो एकच दुसरा ब्रेक असतो.