आयर्लंडला येऊन मूल होऊ द्यायचं असेल, तर आधी कायद्याच्या अटी बघा

तुझे प्रश्न मी तीनदा वाचले. तुम्ही दोघी पाच वर्षं पुण्यात एकत्र राहताय, एकीला डब्लिनमध्ये नोकरी मिळतेय आणि आल्यावर मूल हवंय. आयर्लंडच्या राजकारणात चर्च किती ढवळाढवळ करतं, नेते लोकांना जाब देतात का, बाळाच्या कागदांवर दोघींची नावं लागतात का, हे तू विचारलंस. आणि शेवटी जाता जाता लिहिलंस की उपचार पुण्यातच एकीने 'एकटी बाई' म्हणून उरकावेत, बाळंतपणही माहेरीच होऊ द्यावं आणि मग बाळाला घेऊन यावं, म्हणजे खर्च वाचेल. त्या एका ओळीसाठी मी रात्रपाळीवरून येऊन न झोपता लिहायला बसले आहे. तसं करू नका.

आयर्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याने दोन बायकांना बाळाचे कायदेशीर पालक होता येतं, पण ते दार अरुंद आहे. गर्भधारणेचे उपचार आयर्लंडमधल्याच क्लिनिकमध्ये व्हायला हवेत. शुक्राणू देणाऱ्याची ओळख सरकारी नोंदीत हवी, म्हणजे मूल मोठं झाल्यावर त्याला ती कळू शकेल. सगळ्यांच्या लेखी संमती उपचाराआधी हव्यात आणि बाळ इथे जन्मायला हवं. आपल्याकडे २०२१ च्या कायद्यामुळे एकट्या बाईला उपचार मिळतात हे खरं, पण तिथला दाता निनावी असतो. म्हणजे पुण्याहून बाळ घेऊन आलात, तर जिने जन्म दिला ती आई, आणि दुसरी कायद्याच्या नजरेत कुणीच नाही. घरच्या घरी, ओळखीच्या मित्राच्या मदतीने केलेलंही इथे चालत नाही. मग दुसरीला आधी लग्न किंवा तीन वर्षं एकत्र राहणं, मग काही वर्षं मुलाचा सांभाळ, मग कोर्टात जाऊन पालकत्वाचा अधिकार (गार्डियनशिप) किंवा दत्तकविधान. त्यातला पालकत्वाचा अधिकार मूल अठरा वर्षांचं झालं की संपतो. आईपण अठराव्या वर्षी संपतं का गं?

हे मी स्वतः भोगलं आहे. आमचं लग्न २०१६ चं, मुलगी २०१८ ची. जन्म माझ्या बायकोने दिला. उपचार इथल्याच क्लिनिकमध्ये झाले, तरी माझं नाव कुठे नव्हतं. कारण कायदा २०१५ मध्ये मंजूर झाला खरा, पण आमच्या कामाची कलमं लागू झाली ४ मे २०२० ला! पाच वर्षं ती नुसती पुस्तकात पडून होती. मुलगी दीड वर्षाची असताना तिच्या हातावर छोटी शस्त्रक्रिया करायची वेळ आली. बायको कामासाठी परगावी होती. मी नर्स, रोज दुसऱ्यांच्या संमतीपत्रांवर सह्या घेते, आणि स्वतःच्या लेकीच्या भुलीच्या कागदावर मला सही करू दिली नाही. बायको पोहोचेपर्यंत चार तास पोरगी उपाशी रडत होती. त्या रुग्णालयातल्या माणसांना मी दोष देत नाही, नियम तोच होता. पण ते चार तास मी विसरणार नाही.

नेत्यांच्या जाबाचं मला जे कळतं ते त्यानंतरचं. इथल्या खासदाराला टीडी म्हणतात. मतदान पसंतीक्रमाने होतं, आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासारखं १, २, ३ लिहायचं, आणि एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात. त्यामुळे टीडीला विरोधकाइतकीच स्वतःच्या पक्षातल्या माणसाचीही धास्ती असते. म्हणून तो आठवड्याला कुठेतरी टेबल टाकून लोकांना भेटतो. आम्ही चार वेळा गेलो. पुढे रांगेत म्हातारे आजोबा, कानाच्या मशीनसाठी. मग आम्ही, मांडीवर पोर. त्याने आरोग्यमंत्र्यांना लेखी प्रश्न टाकला. अशा प्रश्नाचं उत्तर छापलं जातं, कुणालाही वाचता येतं. पहिलं उत्तर अगदी 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' छापाचं होतं. पण देशभरातून आमच्यासारखी कित्येक कुटुंबं विचारत राहिली. कलमं लागू झाल्यावर आम्ही न्यायालयात अर्ज केला, कारण आधी जन्मलेल्या मुलांसाठी त्यात मागून मान्यता देण्याची सोय आहे. २०२१ मध्ये घोषणापत्र हातात आलं आणि जन्मदाखला नव्याने निघाला.

मोठ्या नेत्यांचंही सांगते. ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडचे निर्बंध असताना, क्लिफडनच्या हॉटेलात संसदेच्या गोल्फ सोसायटीच्या जेवणाला ऐंशीच्या वर माणसं जमली. आठवड्याभरात कृषिमंत्री गेले आणि युरोपियन युनियनमधले आयर्लंडचे आयुक्तही गेले. एका जेवणावरून. हे बघून मला रडू आलं होतं.

आता धर्म. मी सप्टेंबर २०१२ मध्ये कॉर्कला आले. पुढच्याच महिन्यात, २८ तारखेला, गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार गेली. माझ्याच बेळगावची, दातांची डॉक्टर, वय ३१. गर्भ वाचणार नाही हे माहीत असूनही ठोके चालू आहेत तोवर गर्भपात नाही म्हणून थांबले, आणि जंतुसंसर्गाने ती गेली. हा कॅथलिक देश आहे, असं तिला सांगण्यात आलं होतं. ते वाक्य आपणच बोललो होतो, हे तिथल्या मिडवाइफने (सुईणीने) पुढे चौकशीत मान्य केलं. त्यामागे होती १९८३ मध्ये राज्यघटनेत घातलेली आठवी दुरुस्ती, गर्भालाही आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी ती काढून टाकली. त्याआधी २२ मे २०१५ ला ६२ टक्क्यांनी समलिंगी विवाहाला होकार दिला होता. दोन्ही वेळा मी नागरिक नव्हते, मला मत नव्हतं. आमचं लग्न दुसऱ्यांच्या मतांवर उभं आहे, हे मी मनात ठेवते.

पण चर्च गेलं असं समजू नका. संसदेचं कामकाज आजही प्रार्थनेने सुरू होतं. दहातल्या जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. बाप्तिस्मा नसेल तर प्रवेशात मागे टाकायचे, ते २०१८ च्या कायद्याने बंद झालं. तरी दुसरीच्या वर्गात कम्युनियनची, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादविधीची, तयारी चालते, आणि आपलं पोर बाजूला बसून चित्र रंगवतं. 'एज्युकेट टुगेदर'च्या शाळा सर्वधर्मी आहेत. मूल पोटात असतानाच जवळची बघून ठेवा.

राज्यघटनेतलं कुटुंब अजूनही लग्नावरच उभं आहे. लग्नाबाहेरच्या टिकाऊ नात्यांनाही त्यात घ्यावं, असा प्रस्ताव ८ मार्च २०२४ ला ६७.७ टक्के मतांनी पडला. मतदानानंतर बारा दिवसांनी तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकरांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. कारणं वैयक्तिक आणि राजकीय दोन्ही, असं ते म्हणाले. वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि हा माणूस उघडपणे समलिंगी असून दोनदा पंतप्रधान. सिंधुदुर्गातल्या लोकांइतकाच मलाही त्याचा अभिमान आहे, पण त्याच्या काळातही आमची कलमं तीन वर्षं अडकून होती, हेही तितकंच खरं.

म्हणून येताच लग्न करा. नोंदणी कार्यालयाला तीन महिने आधी कळवावं लागतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारला, त्यामुळे भारतातला विवाहदाखला तुमच्याकडे असणार नाही. व्हिसासाठी न लग्न झालेल्या जोडीदारालाही घेतात, पण किमान दोन वर्षं एकत्र राहिल्याचे पुरावे लागतात. दोघींच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त खातं, विजेची बिलं, सगळं आत्तापासून एका फाइलमध्ये लावा. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ गे असेल तर त्याला सांग, दोन पुरुषांना हे दार अजून तितकंही उघडं नाही; सरोगसीने झालं तर जैविक बापच फक्त बाप. २०२४ मध्ये सरोगसीच्या नव्या कायद्यावर सही झाली, पण तो लगेच लागू झाला नाही. त्याची कलमवार तारीख बघत राहायची.

एक सांगायला हवं. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि आपल्या दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली. मी घाबरून राहत नाही, पण रात्री एकटीने फिरताना जपते.

आणि मतदारयादीत नाव घाला. नागरिकत्व नसलं तरी इथे राहणाऱ्या प्रत्येक अठरा वर्षांवरच्या माणसाला स्थानिक निवडणुकीत मत आहे. नगरसेवक पुढे टीडी होतात, तुमची ओळख तिथूनच होऊ दे.

क्लिनिकची पहिली वेळ ठरवण्याआधी मला फोन कर. शनिवारी सकाळी मी घरी असते. आमचे संमतीपत्रांचे नमुने आणि न्यायालयाचा अर्ज मी नावं झाकून तुला दाखवीन.